बोडक्या डोंगराचं रान

महाबळेश्वर, कासकडे धावणाऱ्या गाड्यांपैकी कडेगावकडे किती वळतात? फारच थोड्या! आणि इथेच, कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवर, माणसांनी वाढवलेलं एक अख्खं जंगल उभं आहे : सागरेश्वर अभयारण्य. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर.

हे नवल कळायला आधी डोंगर पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. भाकरीवर भाकरी रचावी तसे थरांवर थर चढले. इथला एखादा दगड हातात घ्या. अंगभर बारीक भोकं दिसतील. ते आहेत वायूचे बुडबुडे, दगडात कायमचे अडकलेले!

अशा खडकावर माती वीतभरही नाही. पाऊस? सह्याद्री ढग आधीच रिते करतो. महाबळेश्वराच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा पाऊस इथवर पोचतो. बारमाही झरा नाही. त्यात चराई आणि कुऱ्हाड. मग इथं रान आलं कुठून?

मोहित्यांचे वडगावच्या वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी इथं रान उभं करण्याचा ध्यास घेतला. लोक आणि वन खातं सोबत आलं. झाडं लावली, चराई थांबवली, आणि मग मातीनं आपलं काम सुरू केलं. गुरांनी कुरतडणं थांबलं की गवत मूळ धरतं. मुळं माती धरतात, माती पाणी धरते. ते पाणी खडकाच्या भेगांत मुरतं आणि झाडाचं मूळ त्याच भेगेतून त्याच्या मागावर खाली उतरतं! उघडा पडलेला डोंगर असा वरून नव्हे, आतून भरत जातो.

मग इथं हरणं आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. आज सांबर, चितळ, काळवीट इथं नांदतात. माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला हे कोरडं रान आणि खाली कृष्णाकाठचा गर्द ऊस, एकाच नजरेत!

सर्वांत मोठं नवल मात्र पायाशी, लेंड्यांत सापडतं. हरणं बाभळीच्या शेंगा खातात. टणक कवचाचं बी पोटातून सहीसलामत बाहेर पडतं, उलट कवच मऊ झाल्यानं लवकर रुजतं. म्हणजे माणसांनी हरणांसाठी झाडं लावली आणि आता हरणंच झाडं लावताहेत. लावलेलं रान खरं जंगल कधी होतं, याचं याहून चोख उत्तर कुठल्या गर्दीच्या ठिकाणी मिळेल?