स्फटिकाचा हट्ट

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चुंबकीय अनुनादाचे काम जुने आहे. भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. भट यांच्या गटाने मँगनाइट संयुगांचे चुंबकत्व याच वाटेने अभ्यासले. यंत्राची मांडणी साधी. विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धातूची कॅव्हिटी, तिच्यात सुमारे 9.4 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी, आणि आत क्वार्ट्झच्या नळीत नमुना. वारंवारता कायम ठेवून चुंबकक्षेत्र वाढवत न्यायचे. सुटा इलेक्ट्रॉन 0.335 टेस्लाच्या आसपास लहरी शोषतो आणि आलेखावर रेघ उमटते.

लोहचुंबकात ही रेघ एका जागी ठरत नाही. स्फटिक फिरवला की ती सरकते, कारण आतल्या चुंबकत्वाला काही दिशा प्रिय असतात आणि काही नकोशा. हा दिशांचा हट्ट म्हणजे अॅनायसोट्रॉपी. लोहचुंबकातला अनुनाद ग्रिफिथ्सने 1946 साली पाहिला, आणि किटेलने लवकरच त्याचे सूत्र दिले. कोनागणिक रेघ किती सरकली ते मोजले, की त्या सूत्रातून हट्टाची किंमत निघते.

कागोमे जाळीत तो हट्ट फार मोलाचा. कोपऱ्यांना कोपरे टेकलेले त्रिकोण आणि मध्ये षटकोन, अशी ही जपानी बांबूच्या टोपलीची वीण. आपल्याकडचा बुरूडही ती चटकन ओळखेल. भौतिकशास्त्रात तिला 1951 साली इतिरो स्योजीने आणले. ही जाळी सपाट थरांची, आणि एकाच पातळ थरातल्या चुंबकाला सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर उष्णता त्याची चुंबकीय शिस्त टिकू देत नाही, हे मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 साली सिद्ध केले. शिस्त टिकायची तर दिशाभेद हवाच.

भारतात दिशाभेदाचा हा प्रश्न अनुनादाच्या आधीच विचारला गेला होता. के. एस. कृष्णन ढाक्यात बारीक तंतूला स्फटिक टांगून चुंबकक्षेत्रात त्याला बसणारा पीळ मोजत. 1933 साली ते कलकत्त्याला गेले. त्याच वर्षी त्यांचे गुरू रामन बंगळूरच्या संस्थेचे संचालक झाले. तंतूची ती पद्धत मला आजही सुंदर वाटते, पण अनुनाद तिच्याहून जास्त सांगतो: रेघेच्या रुंदीवरून चुंबकत्वाचे डोलणे किती लवकर विरते तेही कळते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. कागोमे स्फटिक बहुधा पातळ पापुद्र्यासारखे वाढतात, आणि पापुद्र्याचा नुसता आकारच चुंबकत्वाला प्रतलात निजवू पाहतो. तो वाटा वजा केला नाही, तर आकाराचे श्रेय स्फटिकाला जाते. Fe₃Sn₂ या कागोमे चुंबकात तर आवडती दिशाच तापमानाबरोबर बदलते: गरम असताना थरांना काटकोनात, थंडीत थरांच्या प्रतलात. म्हणून प्रत्येक तापमानाला कोनांची फेरी नव्याने करावी लागते. Co₃Sn₂S₂ हा दुसरा कागोमे चुंबक त्याहून हेकट. त्याचे चुंबकत्व 177 केल्व्हिनच्या खाली जागे होते, आणि अतिथंड अवस्थेत त्याचे अॅनायसोट्रॉपी क्षेत्र 20 टेस्लाच्या वर जाते. एका टेस्लाला सुमारे 28 गिगाहर्ट्झ या हिशेबाने अनुनाद 560 गिगाहर्ट्झच्याही पुढे पोचतो. तिथे 9.4 गिगाहर्ट्झची कॅव्हिटी काहीच ऐकू शकत नाही. टेराहर्ट्झच्या जवळपासचा लहरींचा स्रोत आणि अतिवाहक चुंबक लागतो.