दोर झिजतो तो आतून

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरला बांधलेला नायलॉनचा दोर वरून धडधाकट दिसतो. रंग उडालेला, अंगावर थोडी लव आलेली, एवढंच. खलाशी तो दोन्ही हातांनी उलटा पिळतो. पेड सुटे होतात आणि पिठासारखी पांढरी भुकटी तळहातावर सांडते. ते असतात आतल्या आत घासून तुटलेले तंतू.

नायलॉन ताणला जातो, म्हणूनच लाटेचा धक्का सोसतो. पण प्रत्येक लाटेबरोबर दोर ताणतो, सैल पडतो आणि पेडावर पेड घासतो. ओल्या नायलॉनची ताकद मुळातच दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. त्यात जेट्टीवरून फरफटताना पेडांत वाळू शिरते, पाणी सुकलं की मिठाचे खडे उरतात आणि दोघं मिळून तंतू कापत राहतात. गोड्या पाण्याने दोर धुणं म्हणजे नसती हौस नव्हे. त्याहून स्वस्त उपाय नाही.

पॉलिप्रोपिलीनच्या दोराची गोष्ट वेगळी. तो स्वस्त आणि पाण्यावर तरंगणारा, पण ऊन त्याला खातं. उन्हात राहिलेला दोर वाकवला की कुसळं झडतात, हातात रुततात. शिवाय तो 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. विंचच्या ड्रमवर ताणाखाली घसरला की तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. चकचकीत, कडक चट्टा बोटांना लागला, की दोर तिथे अधू झाला असं समजावं.

महागडे दोरही यातून सुटत नाहीत. मार्च 2015 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे ‘झार्गा’ हे गॅसवाहू जहाज धक्क्याला लावताना त्याचा अतिबळकट पॉलिथिलीनचा दोर तुटला. उसळलेल्या टोकाचा तडाखा डोक्याला बसून एक अधिकारी गंभीर जखमी झाला. दाब आणि वाक सोसून दोराचा गाभा थकला होता. वरच्या आवरणाखाली ते दिसलंच नाही.

मोठ्या जहाजांवर बांधणीच्या दोरांची तपासणी आणि देखभाल 1 जानेवारी 2024 पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाली आहे. मासेमारी नौकांना हा नियम लागू नाही. तेव्हा नौका चालवणाऱ्या तांडेलांनीच जून-जुलैच्या मासेमारीबंदीत प्रत्येक दोराचे पेड उघडून पाहावेत. भुकटी निघालेला दोर नांगराला लावू नये, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नये.