प्रयोगशाळा आणि देवघर

मुलुंड-बोरिवलीतला विज्ञानाचा प्राध्यापक घरी एकादशी पाळतो, यात विसंगती आहे का? एकादशी पंचांगातल्या तिथीवरून ठरते, म्हणून पुण्यात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या केरो लक्ष्मण छत्र्यांचे उदाहरण पाहावे. १५२०च्या सुमाराच्या 'ग्रहलाघव' या ज्योतिषग्रंथावर आधारलेली पंचांगे ग्रहांच्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळेनाशी झाली होती. छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे नवे गणित मांडले. त्यावरचे पंचांग 'पटवर्धनी' म्हणून ओळखले गेले. रेवती नक्षत्रातला एक विशिष्ट तारा त्यांनी राशिचक्राचा आरंभबिंदू धरला. त्यामुळे संक्रांत वेगळ्या दिवशी येई, म्हणून अनेकांनी ते नाकारले.

कोणी म्हणेल, तिथी अचूक झाल्याने व्रताचे फळ सिद्ध होत नाही. खरेच आहे. मात्र श्रद्धेतला जो भाग आकाशाबद्दल दावा करतो, तो तपासता येतो आणि चुकला तर सुधारावाच लागतो. उरलेला भाग कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा. त्याला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. असा फरक करणाऱ्या शिक्षकाला दुटप्पी म्हणता येणार नाही.