केप टाउनचें नगरदर्शन

रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड, चिपळूण, दापोली ह्या भागांत केप टाउन हें नांव परकें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील कोकणी मुसलमान तरुण मुंबईस आगबोट गांठून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील ह्या बंदरीं जाऊं लागले. कोणी भाजीपाला विकला, कोणी मजुरी केली, कोणी रस्त्याच्या कोपऱ्यावर किराणा मालाचें दुकान थाटलें. आज तेथें जाणारा प्रवासी टेबल पर्वताचा सपाट माथा आणि खालचा समुद्र पाहून संतुष्ट होतो. परंतु शहराच्या जुन्या भागांतील बाजार, प्रार्थनामंदिरें व संग्रहालयें पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. तीं क्रमानें पाहिलीं म्हणजे एक प्रश्न मनांत उभा राहतो. हें शहर कोणाच्या श्रमानें उभें राहिलें, आणि त्यांत राहण्याचा हक्क कोणाला मिळाला?

दक्षिण आफ्रिकेस तीन राजधान्या आहेत. राज्यकारभार प्रिटोरियांतून चालतो, अपिलांचें वरिष्ठ न्यायालय ब्लूमफाँटेन येथें आहे, आणि पार्लमेंट केप टाउनमध्यें भरतें. १६५२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनीनें येथें ठाणें घातलें, तें पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी व मांस पुरविण्यासाठीं. कंपनीच्या बागेच्या तोंडाशींच १६७९ सालीं बांधलेली गुलामांची कोठी आहे. ती आतां संग्रहालय झाली आहे. मादागास्कर, मोझांबिक व जावा येथून, तसेच बंगाल, मलबार व कोरोमांडल किनाऱ्यावरूनही माणसें पकडून येथें आणीत. कोकणचा दुकानदार केपला पोहोंचण्यापूर्वीं दोनशें वर्षें हिंदी माणूस तेथें गुलाम म्हणून येऊन राहिला होता. जवळच स्पिन स्ट्रीटमध्यें एका झाडाखालीं गुलामांचे लिलाव होत. ती जागा खूण करून राखली आहे.

तेथून कांहीं पावलांवर ग्रूट कर्क हें डच पंथाचें थोरलें मंदिर लागतें. त्याचा मनोरा १७०३ चा, आणि सिंहांच्या खांद्यांवर तोललेलें लांकडी व्यासपीठ आंतोन आनरीथ व यान ग्राफ ह्या कारागिरांनीं १७८९ सालीं पुरें केलेलें. सेंट जॉर्जचें अँग्लिकन मंदिरही जवळच आहे. डेझमंड टुटू हे १९८६ पासून १९९६ पर्यंत तेथील मुख्य धर्माधिकारी होते. वर्णभेदाच्या राजवटींत मोर्च्यांस बंदी असतांनाही १३ सप्टेंबर १९८९ रोजीं ह्याच मंदिरांतून सुमारें तीस हजार लोकांची मिरवणूक निघाली.

बाजारांत ग्रीनमार्केट चौक जुना. पूर्वीं येथें भाजी विकली जाई. आज फरसबंदी चौकांत मुखवटे, मण्यांच्या माळा व रंगीत कापड मांडलेलें असतें. विक्रेते खंडाच्या निरनिराळ्या देशांतून आलेले असतात आणि घासाघीस चालते ती आपल्याकडच्यासारखीच. ग्रँड परेडच्या मैदानावरही पालें पडतात. त्याच मैदानासमोरील नगरभवनाच्या सज्जांतून ११ फेब्रुवारी १९९० रोजीं, तुरुंगांतून सुटले त्याच संध्याकाळीं, नेल्सन मंडेला लोकांशीं बोलले.

कोकणी माणसाची कहाणी ह्या बाजारांशींच जोडलेली आहे. १९०२ च्या कायद्यानें युरोपीय भाषा लिहितां येत नसेल त्यास केप वसाहतीचें दार बंद झालें. १९०६ च्या कायद्यानंतर तेथें राहत असलेल्या हिंदी माणसास गांवीं यावयाचें तर परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र आणि हाताचे ठसे असत, व परतण्याची मुदत ठरलेली असे. घरीं आजारपण निघालें किंवा मुलीचें लग्न लांबलें आणि मुदत टळली, तर वर्षानुवर्षांचें दुकान हातचें जाण्याची पाळी येई.

ह्यांतील कांहीं दुकानें डिस्ट्रिक्ट सिक्स ह्या दाट वस्तींत होतीं. नाना वर्णांचे व धर्मांचे लोक तेथें शेजारीं राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजीं सरकारनें हा विभाग केवळ गोऱ्यांसाठीं राखून ठेवल्याचें जाहीर केलें. पुढील वर्षांत साठ हजारांवर माणसें हलविण्यांत आलीं, घरें यंत्रांनीं पाडलीं. मशिदी व ख्रिस्तमंदिरें मात्र मोकळ्या माळावर उभीं राहिलीं.

ह्या वस्तीचें संग्रहालय १९९४ सालीं एका जुन्या मेथॉडिस्ट मंदिरांत उघडलें. आंत पाडलेल्या रस्त्यांच्या पाट्या टांगल्या आहेत. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला असून जुन्या रहिवाशांनीं आपापल्या घराच्या जागीं स्वतःच्या हातानें नांवें लिहिलीं आहेत. परत येण्याचा हक्क त्यांना कायद्यानें मिळाला, आणि ११ फेब्रुवारी २००४ रोजीं मंडेलांच्या हस्ते पहिल्या वृद्धांना घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. बाकीच्यांपैकीं पुष्कळांना त्यानंतरही दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

नगरदर्शनास निघालेल्या प्रवाशानें हें संग्रहालय शेवटीं पाहावें, आणि नकाशापाशीं थोडें थांबावें. कोकणांतून गेलेल्यास तर तेथील नांवें वाचण्यास घाई करूं नये.