औषधाच्या चिठ्ठीवर सही कोणाची?

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आपल्याकडील वडील मंडळींना तेथील दवाखान्यांत एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. तपासावयास पुष्कळदां डॉक्टरांऐवजीं परिचारिका येते. ती रोग्याची सविस्तर चौकशी करते, रक्ताची तपासणी सांगते, निदान करते आणि अखेर स्वतःच्या सहीनें औषधाची चिठ्ठीहि लिहून देते. परिचर्येची पदवी घेऊन, त्यापुढील पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेली ही उच्चशिक्षित परिचारिका 'नर्स प्रॅक्टिशनर' या नांवानें ओळखली जाते. परंतु तिच्या सहीला किती किंमत द्यावयाची, हें तिच्या शिक्षणापेक्षां ती कोणत्या राज्यांत काम करते यावरच अधिक अवलंबून असतें.

अमेरिकेंत वैद्यकीय व्यवसायाचे परवाने मध्यवर्ती सरकार देत नाहीं. तें काम प्रत्येक राज्याचें आहे. राज्यांचा हा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८८९ सालींच मान्य केला. डॉक्टरांचे कायदे आधीं झाले, आणि त्यांत 'वैद्यकी' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक ठेवण्यांत आली, कीं निदान, उपचार व औषधयोजना हीं सर्व कामें तिच्या पोटांत गेलीं. परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायनानें १९०३ सालीं केला. अर्थात् जागा आधींच भरली होती. परिचारिकांना जें मिळवावयाचें, तें डॉक्टरांच्या क्षेत्रांतून तुकड्यातुकड्यानें मिळवावें लागलें.

गरजेनें मात्र कायद्याची वाट पाहिली नाहीं. १९२५ सालीं मेरी ब्रेकिनरिज या बाईंनीं केंटकीच्या डोंगराळ मुलखांत सुईणीचें शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचें काम सुरू केलें. रस्ते नसल्यामुळें या परिचारिका घोड्यावर बसून, ओढे ओलांडून घरोघर जात. १९३६ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें डॅग्मार नेल्सन या भूल देणाऱ्या परिचारिकेचा खटला आला. शस्त्रवैद्याच्या देखरेखीखालीं भूल देणें म्हणजे बेकायदा वैद्यकी नव्हे, असा निर्णय झाला. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनीं नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्यानंतर १९७१ सालीं आयडाहो राज्यानें अशा परिचारिकांच्या निदानाला व उपचाराला प्रथम कायद्याची मान्यता दिली. औषधें लिहून देण्याचा अधिकार सर्व राज्यांत पोंचावयास मात्र पुढें पस्तीस वर्षें लागलीं. त्यांत जॉर्जिया शेवटचें, तें २००६ सालीं.

आजची व्यवस्था स्थूलमानानें तीन प्रकारची आहे. निम्म्याहून अधिक राज्यांत या परिचारिकेस स्वतःच्या परवान्यावर तपासणी, निदान व औषधयोजना करतां येते. त्यांपैकीं कांहीं राज्यें आरंभीं अनुभवाची अट घालतात. दुसऱ्या प्रकारच्या राज्यांत तिला एखाद्या डॉक्टरशीं लेखी सहकार्य-करार करावा लागतो. तिसऱ्या प्रकारांत टेक्सससारखीं राज्यें येतात. तेथें डॉक्टरनें आपला अधिकार करारानें सोंपविल्यावांचून तिला औषधाची चिठ्ठी लिहितां येत नाहीं.

मादक व सवय लावणाऱ्या औषधांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १९७० च्या मध्यवर्ती कायद्यानें त्यांचे वर्ग पाडले असून तीं लिहून देण्यासाठीं मध्यवर्ती सरकारकडे नोंदणी लागते. पण राज्यानें दिलेल्या अधिकारापलीकडे ही नोंदणी जाऊं शकत नाहीं. म्हणून तीव्र वेदनाशामक औषध एका राज्यांतील परिचारिका लिहून देऊं शकते, तर टेक्ससमध्यें तोच अधिकार रुग्णालय किंवा मरणासन्न रोग्यांची शुश्रूषा यांसारख्या ठराविक ठिकाणांपुरताच आहे.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. पदवीनंतर चार वर्षें वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यापुढें किमान तीन वर्षें रुग्णालयांतील उमेदवारी, एवढी डॉक्टरची तयारी असते. परिचारिकेच्या पदव्युत्तर शिक्षणांतील प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास त्या मानानें फारच थोडे. साध्या खोकल्याआड लपलेला असाध्य रोग ओळखावयास हा अनुभवच उपयोगीं पडतो, असें त्यांचें म्हणणें.

उलट पक्ष अनुभवाचाच दाखला देतो. न्यूयॉर्क येथें १३१६ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी करून कांहींना डॉक्टरांकडे व कांहींना अशा परिचारिकांकडे सोंपविण्यांत आलें. सहा महिन्यांनंतर दोहोंच्या प्रकृतींत लक्षणीय फरक आढळला नाहीं, असा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. अर्थात् हा पुरावा नित्याच्या रोगोपचारापुरता व अल्प मुदतीचा आहे, हेंहि ध्यानांत ठेवावयास हवें.

खरी अडचण 'देखरेख' या शब्दांतच आहे. पुष्कळ राज्यांत देखरेख करणारा डॉक्टर त्याच इमारतींत असावा लागत नाहीं. मधूनमधून कांहीं टिपणें पाहणें आणि दूरध्वनीवर उपलब्ध असणें एवढ्यावर काम भागतें. त्यासाठीं परिचारिकेला कित्येकदां मासिक मोबदलाहि द्यावा लागतो. आणि तो डॉक्टर निवृत्त झाला, परगांवीं गेला किंवा वारला, तर करार संपतो. अशा वेळीं परिचारिकेचें ज्ञान कालच्याइतकेंच शाबूत असतें, रोगीहि दारांत बसलेले असतात; तरीहि दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत तिची लेखणी थांबते. शहरांत ही गैरसोय चार दिवसांची ठरेल. जेथें डॉक्टरच दुर्मिळ, त्या खेड्यांत मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिनच्या चिठ्ठीसाठीं शेंकडों मैल जावें लागेल.

२०२० च्या कोविड साथींत अनेक राज्यांनीं हीं बंधनें तात्पुरतीं शिथिल केलीं. मॅसॅच्युसेट्सनें १ जानेवारी २०२१ रोजीं कायदा करून ती मोकळीक कायम केली. मात्र परिचारिकेनें आरंभींचीं दोन वर्षें देखरेखीखालीं काढावीं, अशी अट ठेवली. या तडजोडींत दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांतील तथ्य उतरलें आहे. नवशिक्या हाताला अनुभवी नजरेची जोड हवी, हें डॉक्टरांचें म्हणणें त्यांत मान्य झालें. आणि ती नजर जन्मभर कागदावरच ठेवण्यांत रोग्याचें हित नाहीं, हें परिचारिकांचें म्हणणेंहि मान्य झालें. रोग्याच्या दृष्टीनें शेवटीं महत्त्वाचें एवढेंच, कीं चिठ्ठीखालीं सही करणाऱ्या व्यक्तीस आपल्या ज्ञानाची मर्यादा ठाऊक असावी, आणि ती मर्यादा आली असतां पुढें कोणाकडे पाठवावयाचें, याची सोय त्या गांवांतून झालेली असावी.