छोटे चॅनेल, मोकळे ज्ञान : लिनक्स आणि हार्डवेअर आपल्या भाषेत शिकवताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक अधिकृतपणे त्यावर जाऊ शकत नाहीत.

आपल्या विहारांतील अभ्यासिकांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये जे संगणक आहेत, ते बहुतेक कुणी नोकरदार बांधवाने किंवा एखाद्या कार्यालयाने दान दिलेले आहेत. म्हणजे ते नेमके याच वयाचे. "आता हे भंगारातच द्यावे लागतील" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात अनेकांकडून ऐकले. ते खरे नाही. त्यांपैकी बहुतेक संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे चांगले चालतील. अडचण एवढीच आहे की हे मराठीत, सावकाश, हात धरून सांगणारे फार थोडे आहेत.

मी चार वर्षांपासून असे एक छोटे चॅनेल चालवतो. लिनक्स, जुने संगणक, रास्पबेरी पाय, अर्डुइनो एवढाच विषय. असे चॅनेल कसे चालते, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आपल्या तरुणांसाठी मांडतो.

लिनक्स आपल्याला परके का वाटू नये

१९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकासाठी एक लहानसा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तो लिनक्सचा गाभा. त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला होता. त्याच चळवळीतून 'जीपीएल' हा परवाना आला. हा परवाना चार गोष्टींचे स्वातंत्र्य देतो : सॉफ्टवेअर कशासाठीही वापरा, ते कसे चालते हे उघडून पाहा, त्याच्या प्रती वाटा, त्यात सुधारणा करून त्याही वाटा. अट एकच. आपल्याला मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या माणसालाही द्यायचे.

ज्या समाजाला ज्ञानापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजाला ही अट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे 'ये आणि पाहा'. लिनक्समध्येही तसेच करता येते. पेनड्राइव्हवरून तो आधी फक्त चालवून बघता येतो, संगणकात काहीही न बदलता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तपासायचे आणि पटले तरच बसवायचे.

सुरुवातीला काय लागते

फार काही नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. पहिला खर्च करायचाच असेल तर कॉलर माइकवर करा. चित्र थोडे धूसर असले तरी लोक बघतात, आवाज नीट नसेल तर उठून जातात. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, व्हिडिओ कापायला-जोडायला केडेनलाइव्ह आणि आवाज साफ करायला ऑडॅसिटी ही सगळी साधने मोफत आणि मुक्त आहेत. पायरेटेड सॉफ्टवेअरवर व्हिडिओ बनवून मुक्त सॉफ्टवेअर शिकवू नका.

एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या. 'लिनक्सची संपूर्ण माहिती' असा व्हिडिओ कुणीही शेवटपर्यंत बघत नाही. '४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसे बसवायचे', 'मराठी टायपिंग कसे सुरू करायचे', 'जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी कशी लावायची' असे विषय घ्या. माणूस अडला की हेच शोधतो. टर्मिनलमधली अक्षरे मोठी ठेवा, कारण आपला प्रेक्षक मोबाइलवर बघतो. प्रत्येक कमांड व्हिडिओखाली लिहून द्या. आणि 'बसवा' म्हणण्याआधी 'आधी डेटाची प्रत काढा' हे दरवेळी सांगा. तुम्ही शंभर वेळा सांगितले असेल, पण बघणाऱ्यासाठी ती पहिलीच वेळ असते.

मर्यादाही लपवू नका. टॅली किंवा फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाहीत. जयंतीची जुनी पत्रके, विहाराचे अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांची खिचडी दिसेल. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. हे आधी सांगितले नाही, तर दुसऱ्याच दिवशी लोक म्हणतील की याने संगणक बिघडवला.

चूक झाली तर दाखवा

हार्डवेअरमध्ये चूक लपत नाही, धूर निघतो. पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे हे दाखवणारे यंत्र आम्ही विहारासाठी बनवत होतो. त्यासाठी एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा स्वस्त सेन्सर रास्पबेरी पायला जोडला. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या 'इको' पिनमधूनही ५ व्होल्टच बाहेर येतात. रास्पबेरी पायच्या पिन मात्र फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. मी तार सरळ जोडली आणि ती पिन कायमची गेली.

योग्य पद्धत अशी : इको आणि पायची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा आणि त्या पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा. मग पिनवर साधारण ३.३ व्होल्टच येतात. दोन रेझिस्टरची किंमत काही रुपये, पायची काही हजार.

तो व्हिडिओ मी काढून टाकणार होतो. मग चुकीसकट ठेवला आणि दुरुस्ती सर्वात वर लिहिली. आजही सर्वाधिक प्रश्न त्याच व्हिडिओवर येतात. शिकणाऱ्या मुलाला हुशार माणूस बघून भीती वाटते. चुकणारा आणि चूक दुरुस्त करणारा माणूस दिसला की त्याला वाटते, हे मलाही जमेल.

एक गोष्ट मात्र प्रयोगाची नाही. २३० व्होल्टची मोटर चालू-बंद करणारे काम नवशिक्या मुलांना व्हिडिओ बघून करायला सांगू नका. तिथे जाणकार वायरमनच हवा.

पैशांचे गणित

याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. यूट्यूबच्या जाहिरातींतून उत्पन्न सुरू होण्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि त्यासोबत बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. मराठी आणि त्यात लिनक्स, म्हणजे प्रेक्षक मुळातच थोडा. नोकरी सोडून हे करू नका. मला यातून मिळालेल्या पैशांपेक्षा सुटे भाग आणण्यावर झालेला खर्च जास्त आहे.

पण किंमत फक्त आकड्यांत मोजायची का? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, ते पाक्षिक होते आणि फार काळ चालले नाही. तरी त्याचा खप किती होता यावरून आज कुणी त्याचे मोल ठरवत नाही. आपले चॅनेल त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरीही माध्यम आपल्या हातात आणि भाषा आपली असावी, हा धडा तिथलाच आहे. माझ्या एका व्हिडिओला दोनशे व्ह्यूज आहेत. पण तो बघून एका वसतिगृहातल्या मुलांनी पाच बंद संगणक सुरू केले आणि त्याचा फोटो मला पाठवला.

'जय भीम' म्हणावे का?

पहिले वर्षभर मी व्हिडिओच्या सुरुवातीला नुसते 'नमस्कार' म्हणत होतो. प्रेक्षक कमी होतील अशी भीती होती. पुढे 'जय भीम' म्हणू लागलो आणि खाली लगेच आले, "तंत्रज्ञानात जात कशाला आणता?" काही प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारख्या नव्हत्या. काही लोक चॅनेल सोडून गेले.

यावर माझे म्हणणे साधे आहे. अभिवादन म्हणजे जात नव्हे. कुणी पूजा करून नवा संगणक सुरू करतो, तेव्हा त्याला हा प्रश्न विचारला जात नाही. आणि ज्या मुलाला वर्गात वाटते की ही क्षेत्रे आपल्यासारख्यांची नाहीत, त्याला तो एक शब्द ऐकू येणे दहा कमांडइतकेच उपयोगी आहे. शिकवण्यात मात्र भेद नको. प्रश्न कुणाचाही असो, उत्तर तितक्याच आस्थेने द्यायचे. शिव्या देणाऱ्याशी वाद घालत बसायचे नाही. प्रतिक्रिया काढायची आणि पुढचा व्हिडिओ बनवायचा.

आता काय करता येईल

आपण पहिले नाही. केरळमधील सरकारी शाळांत संगणक शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. ते आधी बघा, मग आपल्या वस्तीची गरज ओळखून पुढचे बनवा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातील बंद पडलेला एक संगणक बाहेर काढा. त्यावर लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा. जे कराल ते मोबाइलवर टिपा, चुकलेलेही. तोच तुमचा पहिला व्हिडिओ. बघणारे दहाच असतील, तरी त्या दहांपैकी एक जण पुढच्याला शिकवेल.

जय भीम! नमो बुद्धाय!