मेलला आलेलं उत्तर थेट ॲपमध्ये
ॲपमधून ईमेल पाठवणं सगळेच करतात. पण त्यावर उत्तर आलं तर? रूबी ऑन रेल्समध्ये २०१९ च्या ६.० आवृत्तीपासून त्यासाठी ॲक्शन मेलबॉक्स आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

पोस्टमार्क, सेंडग्रिड किंवा स्वतःचं पोस्टफिक्स, कुठूनही मेल आली की मूळ मजकूर ॲक्टिव्ह स्टोरेजमध्ये जातो, डेटाबेसात नोंद होते, पुढचं काम बॅकग्राउंड जॉब उचलतो. कुठली मेल कुठे पाठवायची हे रूटिंगच्या एका ओळीत लिहायचं. पत्त्यातच तक्रारीचा क्रमांक ठेवला, तर ग्राहकाचं उत्तर बरोबर त्या तक्रारीखाली जाऊन बसवता येतं. पाठवणारा अनोळखी? बाउन्स करा.

काम झालेली मेल ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. लोकांची खासगी पत्रं उगाच साठत नाहीत, हे सगळ्यात मोलाचं.